साचेवाला मोटार शिकतो

लालबागच्या चाळींत मोटार म्हणजे दुसऱ्याने चालवायची आणि आपण बाजूला सरकायची वस्तू. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या दगडू घाड्याने अडतिसाव्या वर्षी मोटार शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा लोकांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली. तो जिना उतरू लागला की कुणीतरी तोंडाने भोंपू वाजवायचा. कुणी विचारायचं, गाडी ठेवणार कुठे, मोरीत की माळ्यावर? दगडू हसायचा. त्याला मोटारीची हौस कधीच नव्हती, पण हे चारचौघांना समजावत बसण्यापेक्षा हसणं सोपं होतं.

गिरणीत नोटीस लागली होती. आजवर एक साचेवाला दोन साच्यांवर, म्हणजे मागांवर, उभा राहून कापड विणायचा. पुढच्या महिन्यापासून एकाने चार साचे सांभाळायचे. म्हणजे अर्धी माणसं घरी, हे शेंबड्या पोरालाही कळण्यासारखं होतं. घरी जाणाऱ्यांच्या यादीत, खात्यात माणसं भरणाऱ्या जॉबरच्या पुतण्याचं नाव नव्हतं, म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी असायलाच हवं होतं. ते दगडूचं होतं. वीस वर्षांची नोकरी आणि यादीत नाव सातवं.

युनियनवाले म्हणत होते, लढू. पण ते दिवसच असे होते की जो तो लढत होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावर सगळं गिरणगाव पेटलं होतं. भिंतीभिंतींवर चुन्याने अक्षरं काढलेली, दोन दिवसांआड मोर्चा, मैदानावर सभा. दगडूही जायचा, मूठ वर करायचा, पुढच्या रांगेत बसून भाषणं ऐकायचा. मुंबई मिळाली तरी आपले दोन साचे काही कुणी परत देणार नाही, असं त्याला मनातून वाटायचं. ते तो बोलून दाखवत नसे, कारण तसं बोलणाऱ्याची त्या दिवसांत चाळीत धडगत नव्हती.

अशात त्याच्या गावचा गणपत एकदा भेटला. गणपत कॉटन ग्रीनला कापसाच्या एका गोदामात मुकादम होता आणि गावकऱ्यांत त्याचा शब्द चालायचा.

"लॉरीवरचो ड्रायव्हर महिनाअखेर गावाक चाललो," तो म्हणाला. "तू लायसन घेऊन ये, जागा तुझी. शेठला मी थोपवून धरतो. पण महिनाअखेरपर्यंत हां. मगे माझ्या हातात काय नाय."

दगडूने घरी येऊन बायकोला सांगितलं. शेवंती भाकरी थापत होती. दहा बाय बाराच्या त्या खोलीत ही दोघं, दगडूचे दोन चुलतभाऊ, एक आतेभाऊ आणि गावाहून आलं-गेलं कुणी ना कुणी असायचंच. कुणाची दिवसपाळी, कुणाची रातपाळी. खोली कधी रिकामी म्हणून नसायची.

तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "शिका. मी कधी मोटारीत बसाक नाय. तुमी चालवलात तर बसतलंय."

दगडूला एवढं पुरे होतं.

आता शिकवणारा शोधायचा. परळ नाक्याला एक मोटार शाळा होती. शाळा म्हणजे एक टेबल, एक खडखडी गाडी आणि मनमोहन नावाचा मास्तर. मनमोहनने आयुष्यात हळू आवाजात काही सांगितलं असेल असं वाटत नाही. गाडीच्या आत बसून तो असा ओरडायचा की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस दचकून थांबावा. "क्लच दाब, क्लच. अरे, तो पाय तुझा आहे का उसना आणलायस? लेफ्ट मार. लेफ्ट म्हणजे जेवायचा हात नाय, दुसरा." आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला एक शिवी.

खरं सांगायचं तर दगडू त्याच्या हाताखाली भराभर शिकला. चार दिवसांत गाडी सरळ जाऊ लागली, पाचव्या दिवशी गिअर न खरवडता पडू लागले. वीस वर्षं यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला यंत्राचं मन कळतं. इंजिन अडलं की त्याला तळव्यातून समजायचं. पण सहाव्या दिवशी मनमोहनने त्याच्या आईवरून शिवी दिली. दगडूची आई मागच्याच पावसाळ्यात गेली होती. त्याने भर रस्त्यात गाडी थांबवली, दार उघडलं आणि चालू लागला. मागून मनमोहन बराच वेळ बोंबलत होता.

चाळीतल्यांनीही दगडूचंच बरोबर म्हटलं. शिकायचं तर चांगल्या माणसाकडे शिकावं, असा सल्ला एकाने दिला आणि चांगला माणूस कोण तेही सांगितलं. ठाकूरद्वारला कमलाकांत विजयकर म्हणून प्रभू समाजातले एक गृहस्थ होते. आजोबांच्या काळी घरच्या बग्ग्या होत्या, वडिलांच्या काळी दोन मोटारी. कमलाकांतांच्या वाट्याला त्यातली एक जुनी ऑस्टिन आली होती, आणि घरच्यांना चोरून ते ती लोकांना शिकवून चार पैसे मिळवत. हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळ्यांना माहीत होतं, घरच्यांना तर पहिल्या दिवसापासून. पण चोरून करायचं तर चोरून, असा त्यांचा खाक्या होता.

कमलाकांतांनी दगडूला खुर्ची दिली आणि 'तुम्ही' म्हटलं. आजवर दगडूला 'तुम्ही' कुणी म्हटलं असेल तर ते फक्त शेवंतीने. तो खुर्चीच्या कडेवर बसला. साहेबांचा चेहरा बोलका होता, ओठ पातळ, शब्द न् शब्द नीट उच्चारायची सवय. दगडूला त्यांचं सगळं बोलणं कळलं. असा मास्तर आधीच का भेटला नाही, म्हणून त्याला हळहळ वाटली.

दगडूची दुसरी पाळी असायची, म्हणून शिकवणी सकाळची. शिवडीच्या बाजूला गोदामांच्या मागून एक लांब रस्ता जातो, तिथे सकाळी फारशी रहदारी नसे. त्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी काहीतरी बिनसलं. कमलाकांत बाजूला बसून म्हणायचे, "आता डावीकडे घ्या." गाडी सरळच. ते पुन्हा म्हणायचे, "डावीकडे, घाडी." मग दगडू एकदम मान वळवून त्यांच्या तोंडाकडे बघायचा, आणि त्याबरोबर गाडी उजवीकडे फुटपाथावर.

"माझ्याकडे नको," कमलाकांत शांतपणे सांगायचे. "रस्त्याकडे पहा."

दगडू रस्त्याकडे बघायचा, आणि पुढची सूचना वाऱ्यावर जायची. चार दिवस हेच. दगडूला वाटायचं, साहेब मोठ्या घरचे, तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. कमलाकांतांना वाटायचं, माणूस आडमुठा आहे, आपलंच खरं करतो. दोघेही भिडस्त, त्यामुळे मनातलं मनातच राहिलं. गाडी शिकलेला माणूस दिवसेंदिवस शिकलेलं विसरत चालला, आणि महिन्याचे दिवस भराभर सरत चालले.

पाचव्या दिवशी कमलाकांत गाडी मागे घ्यायला शिकवणार होते. ते खाली उतरून गाडीच्या मागे उभे राहिले. "या. या. अजून. बस, थांबा." गाडी थांबली नाही. "थांबा, थांबा हो." गाडी येतच राहिली. ते बाजूला उडी मारून वाचले आणि ऑस्टिनचं ढुंगण गोदामाच्या भिंतीवर आपटलं.

दगडू धावत उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. कमलाकांत धोतर झटकत उभे होते, आणि रागावण्याऐवजी त्याच्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. डोक्यावरची काळी टोपी काढून तोंडासमोर धरली आणि तिच्याआडून त्याला काहीतरी विचारलं.

दगडू गोंधळला. "साहेब, तोंडावरची टोपी काढा ना," तो म्हणाला. "अशानं ऐकू कसं येणार?"

कमलाकांतांनी टोपी खाली घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मी तुमच्या गावाचं नाव विचारलं," ते म्हणाले. "घाडी, तुम्ही ऐकत नाही. तुम्ही पाहता."

दगडूला त्या वाक्याचा अर्थ लागायला वेळ लागला, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. साचेखात्यात हजारभर साचे एकदम धडधडत असतात. तिथे शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. नवा माणूस लागला की महिन्याभरात तो ओठांवरचं वाचायला शिकतो, बोटांनी बोलायला शिकतो. धागा तुटला, धोटा अडकला, जॉबर येतोय, तुझ्या पोराला बरं आहे का, हे सगळं तोंड हलवून आणि बोटं नाचवून. मग घरीही तसंच. चाळीत अर्धे पुरुष साचेवाले, सगळेच मोठ्याने बोलणारे, सगळेच समोरच्याच्या तोंडाकडे बघणारे. तिथे एकाचे कान गेले तर कळायचं कुणाला? ज्याचे गेले त्यालाही कळत नाही. दगडूच्या बाबतीत तेच झालं होतं. मोटारीच्या खुर्चीवर डोळे पहिल्यांदा रस्त्याला द्यावे लागले, आणि कानांचं पितळ उघडं पडलं.

"माझं ऐका," कमलाकांत त्याच्या समोर उभे राहून, एकेक शब्द वेगळा करत म्हणाले. "चार-पाच वर्षं तरी झाली असतील तुमचे कान जाऊन. मी तुम्हाला शिकवू शकणार नाही. शिकवणारही नाही. उद्या मागून एखादी बाई पोराला हाक मारील आणि ते पोर तुमच्या चाकापाशी असेल. मी तिथे नसेन."

"साहेब, माझी नोकरी जातेय."

"ठाऊक आहे मला."

"मग मी काय करू?"

कमलाकांतांनी दार उघडून त्याला बाजूच्या जागेवर बसवलं. त्यांनी त्याला परळपर्यंत सोडलं, गाडी स्वतः चालवली आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तरी दगडू खिडकीबाहेर बघत होता.

तीन दिवस दगडूने कुणालाही काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तो गुपचूप मनमोहनकडे गेला. त्याच्या लक्षात आलं होतं की त्या माणसाचं ओरडणं आपल्याला ऐकू येत होतं. ज्याच्या तोंडून आईवरची शिवी ऐकली म्हणून आपण उठून गेलो, तो एकटाच माणूस आपल्याला शिकवू शकतो, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो गेला.

"आलास परत?" मनमोहन ओरडला. "त्या गिरगावच्या शेठने हाकलला काय?"

"शिव्या द्या," दगडू म्हणाला. "पण महिनाअखेर लायसन पाहिजे."

मनमोहनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कान गेल्याचं त्याला कळलं की नाही, सांगता येत नाही. त्याचे स्वतःचेही शाबूत असतील असं नाही. त्याने दगडूला गाडीत बसवलं आणि आठवडाभर मनापासून शिव्या घातल्या. आईवरची मात्र परत दिली नाही. परीक्षा घेणारा इन्स्पेक्टर नेहमी एकाच रस्त्याने नेतो, हेही त्यानेच सांगितलं. सरळ पुढे, पोस्टाच्या पेटीशी डावीकडे, शाळेशी उजवीकडे, पिंपळापाशी थांबायचं, मागे घ्यायचं, परत. दगडूने तो रस्ता पाठ केला. झोपेत उठवलं असतं तरी त्याने वळणं सांगितली असती. आपण जे करतोय ते बरं नाही, हे त्याला समजत होतं. कमलाकांतांचं ते पोर आणि ती बाई रोज डोळ्यांपुढे यायची. पण यादीतलं सातवं नाव त्यांच्याही पुढे उभं होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, कोरा शर्ट घालून निघाला. शेवंतीने कपाळाला अंगारा लावला. चाळीच्या दाराशी माणसं जमत होती, झेंडे बांधणं चाललं होतं. आज मोठा मोर्चा होता. दगडूला कुणीतरी विचारलं, येतोस ना? त्याने हाताने खूण केली, मागून येतो.

इन्स्पेक्टर तरुण होता, चष्मेवाला, कागदांत डोकं घातलेला. तो मनमोहनच्या खडखडी गाडीत दगडूच्या बाजूला बसला. दगडूने गाडी सुरू केली. हात अगदी स्थिर होते. पहिलं वळण सुरेख झालं, इन्स्पेक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं. शाळेशी उजवीकडे वळायचं होतं, आणि नेमका त्या रस्त्याच्या पुढच्या टोकाने मोर्चा येत होता. आवाजाचा लोंढा बराच आधी पोचला असणार. इन्स्पेक्टर खाली बघूनच म्हणाला, "उजवीकडे नको, सरळ घे."

दगडू रस्त्याकडे बघत होता. दोन-दोन मास्तरांनी त्याला हेच बजावलं होतं. तो शाळेशी झोकात उजवीकडे वळला.

इन्स्पेक्टरने मान वर केली. "सरळ म्हटलं ना. थांबव. अरे थांबव." दगडूला वाटलं, आता पिंपळ आला की थांबायचं. पिंपळाच्या अलीकडेच झेंडे दिसले, माणसं दिसली, फाकलेली शेकडो तोंडं दिसली. त्याने ब्रेक दाबला. पुढच्या रांगेतली माणसं गाडीच्या नाकापासून हातभर अंतरावर होती. त्यांत त्याच्या चाळीतले दोघे होते. कुणाला लागलं नाही. लोकांनी गाडीवर थापा मारल्या आणि दोन्ही बाजूंनी पुढे गेले. मोर्चा पुरा जाईपर्यंत गाडी तिथेच उभी होती.

मग इन्स्पेक्टर त्याच्याकडे वळून बोलला. या वेळी दगडूला सगळं कळलं. "बहिरा आहेस तू. आणि हे तुला माहीत होतं."

दगडूने मान हलवली. खोटं बोलायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. इन्स्पेक्टरने कागदावर एक आडवी रेघ मारली आणि गाडीतून उतरून तो पायीच निघून गेला. कागद पुन्हा भरायला ये, असं तो बोलला नाही.

दगडू दुपारी चाळीत पोचला. खोलीत रातपाळीचे दोघे चटयांवर झोपले होते, म्हणून शेवंती त्याला घेऊन गॅलरीत आली. चाळ सगळी मोर्च्याला गेलेली, गॅलरीत दुसरं कुणी नव्हतं. एवढी मोकळी जागा त्या दोघांना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

"नाय झाला," दगडू म्हणाला. आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. टोपीचं, इन्स्पेक्टरचं, सगळं. "माका आयकाक येना नाय, शेवंते. समोरच्याचा तोंड दिसला तरच कळता. साहेब म्हणाले, चार-पाच वर्सां तरी झाली असतीत."

त्याला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर नशिबाला बोल लावील. पण तिचे ओठ किंचित हलत होते, जणू काही मोजत होती.

"चार-पाच?" तिने विचारलं.

"होय."

"माझो भाव इल्लो ना दोन वर्सां आदी, तेव्हाय नाय?"

"तेव्हाय नाय. कित्या?"

शेवंती जवळ आली. आपला चेहरा उजेडात येईल अशी उभी राहिली आणि हळूहळू सांगू लागली. दगडूचे डोळे तिच्या ओठांवरून हलले नाहीत.

"कुडाळाक त्याणी भाताची गिरण घातल्यान ती. इंजिनावर विश्वासाचो माणूस होयो होतो. माका म्हणालो, भावोजींका इचार, येतत तर अर्धो भाग देतंय. मेव्हण्याच्या दारात ऱ्हवाचा म्हणजे मानाची गोष्ट. चार माणसांत कशी इचारतलंय? सगळी निजल्यावर काळोखात इचारलंय. हळूच. तीन राती इचारलंय तुमका."

दगडूने तीन बोटं वर केली. तिने मान हलवली.

"तुमी एक शब्द बोलाक नाय. तिसऱ्या राती कूस बदललात. माका वाटला, राग इलो. तर सकाळी भावाक मीच सांगलंय, त्यांका पटणा नाय, पुन्हा इचारू नको."

"आता?"

"आता माझ्या चुलतभावाक घेतल्यान. दोन वर्सां झाली. त्याणी थय घर बांधल्यान."

खाली रस्त्यावर मोर्च्यातून परतणारी माणसं दिसू लागली होती. दगडूने कठड्याला हात टेकले. दुसऱ्या पाळीला जायची वेळ झाली होती. अजून आठ पाळ्या उरल्या होत्या, आणि त्यानंतर काय याचा त्याला पत्ता नव्हता. तीन राती, त्याच्या मनात आलं. उशाशी, वीतभर अंतरावर.

"मी हो म्हटलं असतंय," तो म्हणाला. "पयल्याच राती."

शेवंतीने तोंड फिरवलं. रस्त्याकडे पाठमोरी होऊन, भिंतीला कपाळ टेकून ती काहीतरी बोलली. बराच वेळ बोलत होती. दगडूला तिची पाठ हलताना दिसत होती. काय म्हणतेस, असं त्याने विचारलं नाही.